मोजलेली हवा कोठची?

सावंतवाडीच्या दक्षिणेस, तेरेखोल नदीच्या कांठीं बांदा हें गांव वसलें आहे. सखल भागांत भाताचे मळे, त्यांलगत माडापोफळींच्या बागा, उतारावर काजू आणि माथ्यावर उघडा कातळ, अशी या मुलखाची चढती रचना. दुपारीं समुद्राकडून खारा वारा येतो. रात्रीं सह्याद्रीकडून मतलई वारा वाहतो. अशा ठिकाणीं मळ्याच्या मधोमध खांब रोवून त्यावर वारा, उष्णता व बाष्प मोजणारीं यंत्रें बसविलीं, तर तीं सांगतील ती हकीकत कोणाची? मळ्याची, काजूची, कीं कातळाची? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु त्याचें नीट उत्तर देण्यास विज्ञानाला विसाव्या शतकाचा बहुतेक काळ लागला.

यंत्र शेजाऱ्यांचेंहि ऐकतें, हें मुंबईस आधींच कळून चुकलें होतें. विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसतांच कुलाबा वेधशाळेंतील चुंबकीय वेध बिघडतील हें ओळखून नानाभाई मूस यांनीं तें काम १९०४ सालीं अलिबागेस नेलें. चुंबकाचा शेजार निदान एका जागीं स्थिर असतो. हवेच्या मोजमापाचा शेजार वाऱ्याबरोबर घटकेघटकेला पालटतो.

खरी मौजेची कथा पुण्याची आहे. १९३२ सालीं हवामानखात्यानें तेथें कृषिहवामानशास्त्राचा विभाग उघडला व तो सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य डॉ. रामदास यांच्या हातीं दिला. त्याच वर्षीं रामदास व आत्मनाथन् यांचें एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध झालें. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन उष्णता टाकून निवते; तेव्हां सर्वांत गार हवा जमिनीलाच बिलगलेली असावयाची, अशी सर्वत्र समजूत होती. पुण्याच्या उघड्या मातीवर मात्र सर्वांत गार थर वीतभर ते हातभर उंचीवर, अधांतरीं आढळला! पुष्कळांचा विश्वास बसेना. हा गारवा दुसरीकडून वाहत आला असेल, असाहि तर्क निघाला. म्हणजे तंटा हाच कीं, मोजलेली हवा त्या जमिनीची कीं परकी? पुढें राश्के यांनीं पुण्यासच पुन्हां मोजणी केली आणि १९५७ सालीं छापलेल्या त्या कामानें रामदासांचें म्हणणें खरें ठरलें. उष्णतेच्या उत्सर्जनावर आधारलेली उपपत्ति बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं मांडली ती १९९३ मध्यें.

मधल्या काळांत मोजण्याची रीतच बदलली. ऑस्ट्रेलियांत स्विनबँक यांनीं १९५१ सालीं हवेंतील लहानमोठ्या भोवऱ्यांबरोबर उष्णता व बाष्प किती वर चढतें हें मोजून दाखविलें. पण तें चढतें कोठून? इंग्लंडांत पास्क्विल यांनीं १९७२ सालीं, व कॅनडांत श्यूप् प्रभृतींनीं १९९० सालीं त्याचें गणित बसविलें. यंत्राला कळते ती पायाखालची जमीन नव्हे, तर वाऱ्याच्या वरच्या अंगास पसरलेला एक लांबट पट्टा. शास्त्रज्ञ त्याला पाऊलखूण म्हणतात. पाणलोट म्हटलें असतें तर कोंकणांत लवकर उमगलें असतें. खांब उंच तसा पट्टा लांब. भर दुपारीं हवा खालवर घुसळते तेव्हां तो आंखूड, शांत रात्रीं फारच लांब. उंचीच्या शंभरपट अंतरापर्यंत एकसारखी जमीन असावी, असा जुना ठोकताळा आहे.

हें गणित सपाट भूमीचें. डोंगरावर तें डगमगतें. माथ्यावर वाऱ्याचा वेग वाढतो, हें जॅक्सन व हंट यांनीं १९७५ सालीं सिद्ध केलें. पाठीमागच्या उतारावर वारा उलटाहि फिरतो आणि रात्रीं जड, गार हवा पाण्यासारखी ओढ्याओढ्यानें खालीं उतरते. म्हणून आतां संगणकावर प्रथम डोंगरावरील वाऱ्याचें चित्र उभें करतात आणि त्यांत खांबापासून हजारों काल्पनिक कण उलट्या दिशेनें सोडतात. ते जेथें जमिनीस टेंकतात, तें यंत्राचें पाणलोट. पिकाला पाणी किती लागतें, रान कर्बवायु किती शोषतें, हे हिशेब अशा खांबांवरून होतात. पाणलोट चुकलें तर काजूची जमा भाताच्या खातीं पडते.

मतलईच्या वेळीं तर उतारावरील झाडांनीं सोडलेला कर्बवायु खालच्या खालींच नदीकडे वाहून जातो व खांबावरील यंत्राला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. तेवढ्या घटकांचे आंकडे शास्त्रज्ञ बाजूस ठेवतात आणि त्यांची जागा अंदाजानें भरून काढतात.