उत्पन्न, ऐपत आणि दानत

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात एक रकाना असतो, 'पालकांचे वार्षिक उत्पन्न'. आपल्याला त्या रकान्याचा इतिहास पाहायचा आहे. दर वर्षी निकाल लागले की तहसील कचेरीपुढे आणि सेतू केंद्रापुढे ज्या रांगा लागतात, त्या बऱ्याच अंशी या एका आकड्यासाठी असतात. तेव्हा हा आकडा आला कुठून, आणि त्यातून आपल्याला नक्की काय कळतं, हे पाहायला हवं.

हा रकाना नव्हता तेव्हा काय होतं? तेव्हा गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा, माधुकरी मागायचा. त्याला दाखला कोणी मागत नसे, कारण गाव त्याला ओळखत असे. काही जणांना हे चित्र फार गोड वाटतं. पण त्या ओळखीत जातही आलीच की! माधुकरीचं दार प्रत्येक गरीब मुलासाठी उघडत नव्हतं. ज्यांना ते बंद होतं, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेनं १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं आणि पुढे अनेक जातींची निघाली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात तर सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि जेवत. मुलगा स्वतः राबून शिकत होता. बापाचं उत्पन्न किती, हा तिथला मुख्य प्रश्नच नव्हता.

पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. इथे मदत दात्याच्या मर्जीतून सुटली आणि सरकारच्या हिशेबात आली. मर्जी गेली की नियम येतो, आणि नियम आला की कागद येतो. म्हणून या कागदाला नुसती नावं ठेवू नका. ज्याला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्याला या कागदानंच हक्कानं मागायला शिकवलं.

मग आली ई.बी.सी. सवलत. आपल्यातल्या अनेकांचं शिक्षण तिच्यावर झालं असेल. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ठरलेली वार्षिक बाराशे रुपयांची मर्यादा जुन्या पिढीला अजून पाठ आहे. बाराशे म्हणजे महिन्याला शंभर. जात न पाहता केवळ आर्थिक निकषावर फी माफ करणारी ही मोठी योजना, आणि तिनं खेड्यापाड्यातली मुलं कॉलेजात आणली. पण इथूनच एक अडचण सुरू होते. कारकुनाचा पगार कचेरीच्या वहीत पैशापर्यंत लिहिलेला असतो. शेतकऱ्याचं उत्पन्न कुठे लिहिलंय? ते तलाठ्याच्या अंदाजावर ठरतं. एका वर्षी पाऊस बरा झाला, पुढच्या वर्षी पीक गेलं, तर खरं उत्पन्न कोणतं? म्हणजे एकाच रकान्यात एकाचा हिशेब आणि दुसऱ्याचा अंदाज शेजारी शेजारी बसले.

आता १९९२ कडे येऊ. इंद्रा साहनी खटल्याच्या निकालानं इतर मागासवर्गातून 'क्रीमी लेअर' वगळायला सांगितलं. ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या आदेशानं त्याचे निकष ठरले. तेव्हाची मर्यादा १ लाख रुपये, २०१७ पासून ती ८ लाख आहे. या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पालकांचं पद आणि जमीन यांची तपासणी वेगळी होते, आणि उत्पन्न सलग तीन वर्षांचं पाहतात. आता २०१९ चं आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण घ्या. मर्यादा तीच, ८ लाख. पण इथे पगारही धरायचा, शेतीही धरायची, आणि वर्ष एकच. आपल्याकडच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादाही २०१८ पासून आठच लाख.

लोक म्हणतात, हा अन्याय आहे, आकडा एक आणि मोजमाप दोन. मला वाटतं, घोटाळा वेगळाच आहे. क्रीमी लेअरचा प्रश्न असा, की हे घर सामाजिकदृष्ट्या पुढे गेलं का? शुल्क शिष्यवृत्तीचा प्रश्न असा, की या घराला फी झेपेल का? प्रश्न दोन असतील तर मोजमापही दोन असणारच. दोन्हींना एकच आकडा लावल्यामुळे ते एकच वाटायला लागले, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लागली.

मराठीत तीन शब्द आहेत: उत्पन्न, ऐपत आणि दानत. घरात येतं ते उत्पन्न. त्यातून कर्ज, आजारपण, म्हातारे आई-वडील हे सगळं भागवून जे पेलवतं ती ऐपत. आणि ते मुलासाठी खर्च करायची इच्छा म्हणजे दानत. अर्ज पहिली गोष्ट विचारतो. त्यावरून दुसरी ताडतो. तिसरी मात्र न विचारता गृहीत धरतो! बापाकडे आहे म्हणजे तो देणारच, हे ते गृहीत.

शिकवण्याच्या काळात माझ्यासमोर अशा मुली बसलेल्या असत, ज्यांच्या आईला नवऱ्यानं कधीच टाकलेलं होतं. घटस्फोट नाही, पोटगी नाही, आणि खिडकीवर मात्र वडिलांचा दाखला मागितला जायचा. जो बाप फी देत नव्हता त्याच्या पगारामुळे मुलीची सवलत अडायची. मुलीच्या नावावर ती श्रीमंती फक्त कागदापुरती होती.

हा प्रश्न आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत केंद्र सरकारची मदत घेताना २४ वर्षांखालचा अविवाहित विद्यार्थी साधारणपणे आई-वडिलांवर अवलंबून मानला जातो. ते पैसे द्यायला तयार नाहीत, एवढ्यानं तो स्वतंत्र ठरत नाही. पण आई-वडील वेगळे राहत असतील, तर २०२४-२५ पासून तिथे ज्यानं मुलाला जास्त आर्थिक आधार दिला त्याची माहिती मागतात. म्हणजे कायद्यानं निदान तेवढ्यापुरतं 'कोणाकडे आहे' याऐवजी 'कोण देतंय' असं विचारलं.

आपल्याकडेही हे विचारता येईल. त्यासाठी नवं तत्त्वज्ञान लागणार नाही. आईनं एकटीनं वाढवलेल्या मुलाला तिच्याच उत्पन्नाचा दाखला पुरावा, आणि शेतकऱ्याचं उत्पन्न एका सुगीवर न ठरवता काही वर्षांच्या सरासरीनं ठरावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शुल्कमाफी दिली. योजना चांगलीच आहे. पण तिच्या दारातही तोच रकाना आहे. टाकलेल्या बाईची मुलगी तिथे कोणाचं उत्पन्न लिहिणार, याचं उत्तर खिडकीवरच्या माणसाच्या समजुतीवर राहू नये, नियमात लिहिलेलं असावं. मर्जीपासून नियमापर्यंत यायला आपल्याला फार वर्षं लागली आहेत. आता प्रश्नांना वेळ देऊ या.