वाहन पादचाऱ्याशी कसे बोलते?

विट्यातून गुहागर-विजापूर रस्ता जातो. तो ओलांडणारा माणूस वाहनाबरोबर चालकाकडेही पाहतो. चालकाने हात केला, मान हलवली, की पाऊल पुढे पडते. पण वाहनात चालकच नसेल तर? हा प्रश्न स्वयंचलित वाहनांमुळे ऐरणीवर आला असला, तरी त्याची मुळे दीडशे वर्षे जुनी आहेत.

१८६५ च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक वाहनापुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवणे सक्तीचे केले. वेगाची मर्यादा गावात ताशी २ मैल, बाहेर ४ मैल. म्हणजे इशारा देण्याचे काम वाहनाकडे होते. १८९६ साली हलक्या मोटारींवरची ही बंधने उठली. वेग वाढला आणि सावध राहण्याचा भार हळूहळू पायी चालणाऱ्यावर आला.

१९२१ च्या सुमारास ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी, दृष्टी गेल्यावर, आपली काठी पांढरी रंगवली. चालकांना आपण दिसावे, एवढाच हेतू. १९६७ साली जपानमधील ओकायामा येथे सेइची मियाके यांच्या उंचवट्यांच्या फरशा प्रथम बसवल्या गेल्या. पायाला कळणारी ती लिपीच होती.

आपल्याकडे वाहनाची मुख्य भाषा हॉर्नची. ट्रकमागील 'हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांवर महाराष्ट्राने २०१५ साली बंदी घातली, ध्वनिप्रदूषणाच्या कारणाने. पण हॉर्न सर्वांना ऐकू येतो का? विटा हे यंत्रमागांचे गाव. मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केले की कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीतले आवाज हरवतात.

विजेवरच्या गाड्यांनी उलटी अडचण आणली. त्या कमी वेगात जवळजवळ नि:शब्द असतात. अंधांच्या संघटनांनी आवाज उठवला, अमेरिकेत २०१० चा कायदा झाला. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या अशा गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा झाला. अंधांची सोय झाली, बहिऱ्यांची नाही.

१८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी येथे उबरच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली. ती दगावली. गाडीच्या उपकरणांना ती ५.६ सेकंद आधी जाणवली होती. पण संगणक तिला कधी वाहन, कधी सायकल समजत राहिला. पट्ट्यांबाहेर कोणी रस्ता ओलांडील, हे रचनेत धरलेच नव्हते!

आपले बहुतेक रस्ते तर पट्ट्यांबाहेरच ओलांडले जातात. म्हणून एकच इशारा निदान दोन इंद्रियांना कळला पाहिजे: दिव्याबरोबर आवाज, आणि अक्षरांऐवजी खूण. शिवाय थांबणारे वाहन लांबूनच वेग कमी करताना दिसले पाहिजे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. शाळेसमोरचा रस्ता मुलांनी फाटकाच्या आतून अर्धा तास न्याहाळावा. चालक आणि पादचारी एकमेकांना कोणकोणत्या खुणा करतात, याची यादी करावी. मग प्रत्येक खुणेपुढे लिहावे: ही कोणाला कळणार नाही?