खुशालीची कुळकथा

युरोपची सहल करून आलेली मराठी माणसं एक तक्रार हमखास सांगतात. इटलीत जेवणाच्या बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लागलेले असतात. टेबलावर बसण्याचे आणि न मागता आलेल्या पावाचे. कुठे त्यावर सेवाशुल्क, आणि मग वेटरला वेगळं काही द्यायचं की नाही, हा घोळ. सांगली-साताऱ्याच्या ऊसकरी शेतकऱ्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. त्याच्या फडात हा आकार ‘खुशाली’ या नावानं लागतो. कोपेर्तो निदान मेनूकार्डावर छापलेला असतो. खुशालीची पावती नसते.

ऊस तोडायला टोळी कारखाना पाठवतो. तोडणीची मजुरी, मुकादमाचं कमिशन, वाहतूक, सगळं कारखानाच भागवतो, पण पदरचं नव्हे. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला रास्त दर, ही कारखान्याच्या दारातली किंमत असते, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या पैशातून वजा होतो. म्हणजे सेवेचे पैसे त्यानं आधीच मोजलेले असतात. तरीही पहिला कोयता पडण्यापूर्वी एकरी काही हजारांचा आकडा कानावर येतो. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खेपेमागे ‘एंट्री’ घेतो, ती निराळी.

या प्रथेचं मूळ मात्र चांगल्या घरचं आहे. पीक निघालं की राबणाऱ्याचा त्यात वाटा, ही गावाची जुनी रीत; त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या ‘गावगाड्या’त बलुत्याचे हक्क तपशिलानं आले आहेत. गुऱ्हाळाच्या काळात गुळव्याला आणि चुलवाणाला जाळ घालणाऱ्याला मजुरीबरोबर गूळ-काकवी मिळायची. 1950 नंतर सहकारी कारखाने उभे राहिले. सांगलीला वसंतदादांचा, कराडजवळ रेठऱ्याला कृष्णा. आता ऊस तोडायला बीड-नगरकडची, जत-आटपाडीकडची दुष्काळी भागातली माणसं बैलगाड्या घेऊन येऊ लागली आणि हंगामभर खोपीत राहू लागली. उसाचं वाढं बैलांना घालावं किंवा विकावं, हा त्यांचा हक्क सगळ्यांनी मानला. शेवटची खेप निघताना नारळ फुटायचा, शेतकरी हातावर काही ठेवायचा. खुशाली ती हीच. काम संपल्यावर, देणाऱ्याच्या मर्जीनं.

ती शेवटाकडून सुरुवातीला कशी आली, हे समजून घ्यायला उसाकडे बघावं लागतं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. तुरा आला की वजन आणि साखर दोन्ही घटायला लागतात. तोड लांबली की खोडवाही मागे पडतो. नोंदणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा प्रोग्रॅम लागतो खरा, पण बांधावर कोणाच्या फडात आधी शिरायचं हे चिटबॉय (कारखान्याचा फडावरचा माणूस), मुकादम आणि गाडीवाला यांच्या हातात उरतं. माझं स्पष्ट मत असं की ही बोली पहिल्यांदा मजुरांनी लावलीच नाही. घाई झालेल्या मोठ्या बागायतदारांनी पाळी पुढे ओढायला पैसे सोडले, आणि एकाची हौस पुढच्या बांधावरच्या माणसाला सक्ती झाली. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी कृष्णाकाठचा ऊस दिवसच्या दिवस पाण्यात ठेवला. असा कुजायला लागलेला ऊस रानात असताना कोण घासाघीस करणार?

टोळीला दोष देऊन भागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, आणि पहाटेच्या थंडीत ओल्या फडात काम. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, यावरूनच आधीचा दर किती अपुरा होता ते कळतं. ही मजुरी टनावर आणि उघड मिळाली पाहिजे. फ्रान्सनं तसंच केलं: 1987 पासून तिथल्या मेनूवरच्या किमतीत सेवा धरलेलीच असते, वर चार नाणी ठेवणं गिऱ्हाइकाच्या खुशीवर. आपल्याकडेही हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं.

उसाबाबतही साखर आयुक्तालयानं परिपत्रकं काढली आहेत. जादा पैसे देऊ नयेत, कोणी मागितले तर कारखान्याकडे तक्रार करावी, ती खरी ठरली तर रक्कम तोडणीच्या बिलातून वसूल व्हावी. पण तक्रार करायची ती ऊस उभा असताना, आणि तोडायची पाळी त्याच टोळीची. पाच एकरांचा शेतकरी एखाद वेळेस तेवढी हिंमत करतो. वीस गुंठ्यांच्या, गाडीवाट नसलेल्या तुकड्यात टोळी मुळातच यायला नाखूश असते, उसाच्या मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणाव्या लागतात. अशा तुकड्याच्या मालकाला खुशाली एकराच्या हिशेबानं लागत नाही. पूर्ण एकराची लागते.