नेरिकोमी म्हणजे काय? रंगीत मातीच्या थरांतून नक्षीची भांडी कशी बनतात?

रील्स बघताना तुम्ही असा एखादा व्हिडिओ नक्की पाहिला असेल. मातीचा एक ओबडधोबड ठोकळा असतो, त्यातून बारीक तार फिरते, काप बाजूला होतो आणि आत एकदम फूल, चौकटी किंवा लाटांची नक्षी दिसते. खाली कोणीतरी हमखास विचारतं, "हे एआयने बनवलंय का?" प्रत्येक व्हिडिओची खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण ही पद्धत मात्र शंभर टक्के खरी आहे. तिचं नाव आहे नेरिकोमी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या कलेत मला रस वाटला तो एका कारणासाठी: इथे नक्षी ब्रशने काढत नाहीत, ती आतून रचत नेतात, अगदी पिक्सेल मांडल्यासारखी. या लेखात आपण तिचा इतिहास, पूर्ण कृती, भांड्याला तडे का जातात, तब्येतीला धोका कुठे आहे आणि खरं नेरिकोमी कसं ओळखायचं हे सगळं बघू.

नेरिकोमी म्हणजे नेमकं काय?

हा जपानी शब्द आहे. 'नेरू' म्हणजे मळणे आणि 'कोमू' म्हणजे आत घालणे. वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर एकमेकांना चिकटवून ठोकळा करायचा, त्याचे काप काढायचे आणि ते काप जोडून भांडं घडवायचं.

सोपं उदाहरण म्हणजे आपली अळूवडी. वाफवलेला उंडा बाहेरून हिरवा दिसतो, पण कापला की प्रत्येक वडीवर तीच गोल गोल नक्षी असते. उंडा कुठेही कापा, नक्षी सापडतेच, कारण ती आरपार गेलेली आहे. नेरिकोमीत हेच मातीचं होतं. म्हणून हा रंग घासून जात नाही आणि भांड्याचा टवका उडाला तरी आत नक्षी दिसते.

'नेरिआगे' हा शब्दही तुम्हाला दिसेल. बरेच लोक चाकावर फिरवून केलेल्या रंगीत मातीच्या भांड्याला नेरिआगे आणि काप जोडून हाताने घडवलेल्याला नेरिकोमी म्हणतात. जपानमध्ये मात्र हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेलेही दिसतात.

थोडा इतिहास

ही कल्पना एकाच देशाची नाही. चीनमध्ये थांग घराण्याच्या काळात (इ.स. ६१८ ते ९०७) पांढरी आणि तपकिरी माती एकत्र करून संगमरवरासारख्या रेघांची भांडी बनत होती. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात १८ व्या शतकात अ‍ॅगेट दगडासारखी दिसणारी भांडी याच तत्त्वावर तयार होत. थॉमस व्हील्डन हे त्यातलं मोठं नाव. जोसाया वेजवुड १७५४ ते १७५९ या काळात त्यांचा भागीदार होता.

जपानमध्ये ही कला आधुनिक काळात फार उंचीवर गेली ती मात्सुई कोसेई (१९२७–२००३) यांच्यामुळे. ते इबाराकी प्रांतातल्या कासामा गावच्या एका बौद्ध मंदिराचे प्रमुख पुजारी होते. १९९३ मध्ये नेरिआगे तंत्रासाठी त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला. सादो बेटावरचे पाचवे इतो सेकिसुई यांना २००३ मध्ये हाच मान मिळाला. सादोची लोहयुक्त लाल माती ही त्यांच्या कामाची ओळख.

मातीला रंग कसा देतात?

आधी एक पांढरी माती निवडतात, पोर्सेलीन किंवा पांढरं स्टोनवेअर. तिचे भाग करून प्रत्येकात वेगळा रंग मिसळतात. खाण्याचे किंवा भिंतीचे रंग इथे चालत नाहीत, कारण भट्टीच्या उष्णतेत ते टिकत नाहीत. लागतात ती धातूंची ऑक्साईड किंवा सिरॅमिकसाठी तयार मिळणारे 'स्टेन'.

• कोबाल्ट: निळा. अर्धा ते दोन टक्केही पुरतो.
• लोह: पिवळसर ते गडद तपकिरी.
• क्रोमियम: हिरवा.
• तयार स्टेन: गुलाबी, पिवळा, काळा वगैरे. साधारण ५ ते १५ टक्के लागतो.

ही टक्केवारी कोरड्या मातीच्या वजनावर काढतात, ओल्या नाही. समजा तुमच्याकडे १ किलो ओली माती आहे आणि तिच्यात २२ टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडी माती झाली ७८० ग्रॅम. ६ टक्के स्टेन हवा असेल तर सुमारे ४७ ग्रॅम घ्यायचा. हे गणित फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये एकदा मांडून ठेवलं की प्रत्येक रंगाला तेच सूत्र चालतं.

ठोकळ्यापासून वाटीपर्यंत: स्टेप बाय स्टेप

१. माती मळा. प्रत्येक रंग वेगळा मळायचा. आत हवेचे बुडबुडे राहायला नकोत आणि सगळ्या रंगांचा मऊपणा सारखा हवा. एक माती घट्ट आणि एक सैल असेल तर दाबल्यावर सैल माती बाहेर पळते आणि नक्षी वाकडी होते.

२. थर लाटा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यावरून लाटणं फिरवा, म्हणजे थर एकाच जाडीचे होतात.

३. थर जोडा. मध्ये पाण्याचा किंवा त्याच मातीच्या पातळ लगद्याचा हलका हात द्या, थर रचा आणि दाबून घ्या.

४. मुरू द्या. ठोकळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होतो.

५. तारेने कापा. काप साधारण ५ ते ८ मिलिमीटर जाड ठेवा. प्रत्येक कापानंतर तार पुसा, नाहीतर काळा रंग पांढऱ्यावर ओढला जातो.

६. काप जोडा. कडांना लगदा लावून काप शेजारी शेजारी बसवा आणि सगळ्या दिशांनी हलकं लाटा. एकाच दिशेने लाटलं तर गोलाचा अंडाकार होतो.

७. आकार द्या. तयार पत्रा प्लास्टरच्या साच्यावर ठेवून वाटी किंवा बशी करा.

८. सावकाश सुकवा. प्लास्टिकखाली बरेच दिवस लागले तरी चालतील, घाई करू नका.

९. भाजा. पहिली भाजणी साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला होते. नंतर ओल्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासला की पुसट झालेल्या रेघा स्पष्ट होतात. मग पारदर्शक ग्लेझ लावून दुसरी भाजणी. स्टोनवेअर आणि पोर्सेलीनसाठी ती मातीप्रमाणे साधारण १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान असते.

नक्षीमागचं लॉजिक

सगळ्यात सोपी नक्षी चौकटींची. दोन रंगांच्या पट्ट्या आलटून पालटून रचा, काप काढा आणि एक सोडून एक काप उलटा ठेवा. झाला बुद्धिबळाचा पट. जपानमध्ये याला 'इचिमात्सु' म्हणतात. 'डीमन स्लेअर'मधल्या तांजिरोच्या अंगावरचा हिरवा-काळा कपडा आठवतोय? तीच नक्षी. टोकियो २०२० ऑलिंपिकचा लोगोही तिच्यावरूनच घेतलेला होता.

दुसरी युक्ती आरशाची. कापलेल्या ठिकाणचे दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडले की ते एकमेकांचं प्रतिबिंब असतात. अर्ध्या पंखाची नक्षी केली तर उघडल्यावर पूर्ण फुलपाखरू मिळतं.

तिसरी युक्ती माझी आवडती आहे, कारण ती सरळ सरळ लूप आहे. ८ बाय ८ सेंटिमीटर तोंडाचा, १० सेंटिमीटर लांबीचा ठोकळा घ्या. चारी बाजूंनी दाबत, ओढत त्याचं तोंड ४ बाय ४ करा. माती तेवढीच असल्याने लांबी ४० होते. त्याचे १० सेंटिमीटरचे चार तुकडे करून दोनावर दोन रचा. पुन्हा ८ बाय ८ बाय १० चा ठोकळा तयार, पण आता आत नक्षीच्या ४ प्रती आहेत. दुसऱ्या फेरीत १६ आणि तिसऱ्या फेरीत ६४! सुरुवातीची १ सेंटिमीटरची रेघ तिसऱ्या फेरीनंतर सव्वा मिलिमीटरची होते. प्रत्यक्षात टोकांकडची नक्षी दबून बिघडते, ती कापून टाकावी लागते.

तडे का जातात?

माती सुकताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअर, पोर्सेलीनमध्ये लांबी सुमारे १० ते १४ टक्के कमी होणं नेहमीचं आहे. खरी अडचण येते दोन रंग वेगवेगळं आकसले तर. समजा १५ सेंटिमीटरच्या बशीत एक माती १२ टक्के आकसते आणि दुसरी १० टक्के. पहिली १८ मिलिमीटरने कमी होईल, दुसरी १५ ने. जोडावर या ३ मिलिमीटरची ओढाताण होते आणि बशी तिथेच फाटते.

म्हणून कुंभाराची लाल माती आणि पोर्सेलीन एकत्र करू नका. सगळे रंग एकाच पांढऱ्या मातीतून बनवा. तरीही ऑक्साईड जास्त झालं तर फरक पडतो. यासाठी चाचणी सोपी आहे. प्रत्येक रंगाच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, भाजून झाल्यावर मोजा. ८.८ सेंटिमीटर भरली तर आकसणं १२ टक्के. पट्टीचा फोटो काढून रंगाच्या प्रमाणासकट सेव्ह करा. ठोकळा रचण्याआधीचं हे टेस्टिंग टाळलं तर चूक थेट भट्टीतून बाहेर आल्यावरच कळते, आणि भाजलेल्या मातीला अनडू नसतं.

रील्समध्ये न दिसणारा धोका

हा भाग कृपया स्किप करू नका. सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. तिचे अगदी बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं धूळ श्वासात गेली तर सिलिकोसिस होऊ शकतो. हा आजार बरा होत नाही. नेरिकोमीत तर नक्षी उघडण्यासाठी पृष्ठभाग घासावाच लागतो, त्यामुळे धोका इथे जास्त.

• कोरडं घासू नका, ओलं करूनच घासा.
• कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.
• पावडरी मोजताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज यांची पावडर श्वासात किंवा तोंडात जायला नको.
• या कामाचे चमचे, वाट्या स्वयंपाकघरात परत नेऊ नका.
• भट्टी हवेशीर जागीच चालवा.

खरं नेरिकोमी कसं ओळखायचं?

ऑनलाइन खरेदी करताना फसगत टाळायची असेल तर चार फोटो मागा: आतला भाग, बाहेरचा भाग, कड आणि तळ. खऱ्या नेरिकोमीत रेघ कडेवरून वळून आतही उतरते आणि तळाच्या ग्लेझ नसलेल्या कड्यावरही दिसते. छापील नक्षी कडेपाशी थांबते आणि प्रत्येक कपावर तंतोतंत सारखी असते. एका ठोकळ्याचे काप मात्र भावंडांसारखे, मिळतेजुळते पण थोडे वेगळे.

एक अपवाद आहे. काही कारागीर साध्या मातीवर नक्षीचे पातळ काप बसवतात. तिथे आतली बाजू कोरी असू शकते आणि त्यात फसवणूक नाही. म्हणून विक्रेत्याला पद्धत विचारा. जो स्वतः बनवतो तो ठोकळ्याचा फोटो सहज दाखवेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरच्या ओव्हनमध्ये भाजता येईल का?
नाही. माती साधारण ६०० अंशांच्या पुढेच कायमची पक्की होते. घरचा ओव्हन तिथपर्यंत जात नाही आणि भांडं पाण्यात पुन्हा विरघळेल. जवळच्या पॉटरी स्टुडिओत भट्टी वापरायला मिळते का, ते विचारा.

सराव कशावर करू?
मुलांच्या रंगीत प्लॅस्टिसिनवर. थर, काप, आरसा, लूप सगळं त्यात जमतं, फक्त भाजायचं नाही.

या भांड्यात खाता येतं का?
आतून खाण्यासाठी सुरक्षित असं ग्लेझ लावून ते नीट भाजलं असेल तर हो. बिनग्लेझचं भांडं शोभेलाच ठेवा.

सुरुवातीला किती रंग घेऊ?
दोनच: पांढरा आणि काळा, किंवा पांढरा आणि निळा. चौकटींचा ठोकळा करा, आकसण्याची पट्टी भाजून बघा, मग तिसरा रंग आणा.