दूरप्रवेश सर्व्हरवरील खातेबंदी व लॉगिनदोष

दूरच्या ठिकाणाहून नेटवर्कच्या मार्गे प्रवेश देणाऱ्या सर्व्हरने, एकाच खात्यावर ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येहून अधिक वेळा चुकीचा पासवर्ड आल्याचे पाहून, त्या खात्यास पुढील प्रवेशाचा काही काळ मज्जाव करावा, या तजविजीस खातेबंदी म्हणतात. कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून तिचा उल्लेख ‘आयडी लॉक झाला’ एवढ्याच शब्दांत होतो. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, युनिक्स कुळातील यंत्रांवरील एसएसएच व तिच्या पूर्वीची टेलनेट, आणि संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात बाहेरील मनुष्यास आणून सोडणारे व्हीपीएन, ही अशा सर्व्हरांची नित्य परिचयाची रूपे होत.

या विषयाचे गांभीर्य महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रशासनास २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी, प्रत्ययास आले. त्या दिवशी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, सर्व्हरांवर सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेथील दफ्तर कूटबद्ध होऊन निरुपयोगी झाले, आणि प्रादुर्भाव वाढू नये म्हणून यंत्रणा नेटवर्कपासून तोडून ठेवणे भाग पडले. मुंबईच्या मुख्यालयाबरोबर प्रादेशिक कार्यालयांचेही काम खोळंबले. आणि चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा वसाहतींच्या बळावर ज्याचा उद्योगसंसार उभा आहे त्या तत्कालीन औरंगाबादेसारख्या शहरात, जेथे भूखंडाच्या अर्जापासून इमारतीच्या नकाशाच्या मंजुरीपर्यंत भूखंडधारकाचे प्रत्येक प्रकरण याच सर्व्हरांवरून पुढे सरकते, तेथे असा खोळंबा म्हणजे केवळ संगणकाचा बिघाड राहत नाही. बॅकअपच्या आधारे सेवा पुन्हा उभ्या करण्यात आल्या. सिनॅक हे कुळ २०१७ साली प्रथम दृष्टीस पडले, आणि रिमोट डेस्कटॉपचे पासवर्ड बळाने, म्हणजे एकामागून एक अंदाज लावून, फोडणे हा त्याच्या चालकांचा नेहमीचा शिरस्ता असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. तेवढ्यावरून महामंडळातील शिरकावही त्याच वाटेने झाला असे म्हणणे न्याय्य होणार नाही. परंतु त्या वाटेवर पहारा का हवा, हे समजण्यास ही घटना पुरेशी आहे. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये त्या टोळीने आपल्या जुन्या हल्ल्यांच्या उकलकिल्ल्या स्वतःच प्रसिद्ध केल्या.

खातेबंदीचे बळ गणितात आहे. पाच चुकांनंतर तीस मिनिटांची बंदी असा नियम असेल, तर एका खात्यावर ताशी दहा आणि दिवसाकाठी २४० एवढेच अंदाज लावता येतात. नियमच नसेल तर तेवढे अंदाज एखादे साधे यंत्र पाहता पाहता संपवते. घरी बसलेल्या हिशेबनिसास कारखान्यातील संगणक वापरता यावा म्हणून राऊटरवरील ३३८९ क्रमांकाचे पोर्ट सरसकट उघडून ठेवण्याची जी सवय २०२० च्या टाळेबंदीत लहान कारखान्यांना लागली, तिचे फळ पाहावयाचे असल्यास अशा यंत्राची सुरक्षा-नोंदवही उघडावी: ४६२५ क्रमांकाची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, नोंद काही क्षणांच्या अंतराने एकाखाली एक पडत गेलेली असते, आणि नावाच्या रकान्यात अॅडमिनिस्ट्रेटर, अॅडमिन, टेस्ट, अकाउंट्स अशी, बहुतांशी त्या कारखान्यात कोणी कधी धारणही न केलेली, नावे आळीपाळीने येत राहतात. खाते प्रत्यक्ष बंद झाले म्हणजे ४७४० क्रमांकाची नोंद पडते. ती नोंद पडलीच नाही, तर नियम लागू आहे की नाही याची रुजुवात मालकाने तत्काळ करावी, कारण विंडोजमध्ये चुकांची मर्यादा शून्य ठेवल्यास तिचा अर्थ ‘कधीही बंदी नको’ असा होतो.

तथापि हे गणित मोजणीवर विसंबून आहे, आणि या विषयातील बहुतेक कसूर मोजणी चुकीच्या जागी केल्याने घडले आहेत. खातेबंदी नावावर मोजते, येणाऱ्या इसमावर नव्हे. म्हणून एकच किल्ली घेऊन आळीतील प्रत्येक कुलूप एकेकदा चाचपीत जाणाऱ्या चोराप्रमाणे, एकच सोपा पासवर्ड हजार नावांवर एकेकदा लावून पाहणारा हल्लेखोर कोणत्याही खात्याची मर्यादा ओलांडीत नाही. विंडोजमधील अंगभूत अॅडमिनिस्ट्रेटर हे स्थानिक खाते, ज्यास सर्वाधिक अधिकार, तेच ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेपर्यंत या बंदीच्या कक्षेबाहेर होते. त्या वर्षापासून नव्या विंडोज ११ यंत्रांवर दहा चुकांना दहा मिनिटांची बंदी हा मूळचाच नियम झाला. ओपनएसएसएच या एसएसएच-प्रणालीतील २०१५ चा दोष अधिक सूक्ष्म आहे. एका जोडणीत सहा चुका एवढी मर्यादा तेथे असते. परंतु पासवर्ड विचारण्याच्या साधनांची यादी पाठविताना एकच साधन हजारो वेळा लिहिले, तर प्रत्येक नोंदीगणिक सर्व्हर नव्याने पासवर्ड विचारीत असे, आणि लॉगिनसाठी ठेवलेल्या दोन मिनिटांत दहा हजारांपर्यंत अंदाज लावण्यास मोकळीक मिळत असे. मर्यादा लिहिलेली होती, तिचा अंमल मात्र त्या वाटेवर नव्हता.

काही दोषांत तर मोजण्याजोगी चूकच घडत नाही. ‘प्रवेश मान्य झाला’ हा संदेश वस्तुतः सर्व्हरने ग्राहकास द्यावयाचा. लिबएसएसएच या प्रणालीत तो ग्राहकानेच सर्व्हरकडे धाडला तरी सर्व्हर तो प्रमाण मानून दार उघडीत असे, हे ऑक्टोबर २०१८ मध्ये उघड झाले. सोलारिसच्या टेलनेट सेवेत २००७ साली असे आढळले, की वापरकर्त्याच्या नावाच्या जागी विशिष्ट अक्षरे लिहिताच ती लॉगिन आज्ञेपर्यंत जशीच्या तशी पोहोचत, आणि पासवर्डाविना आत जाता येई. पल्स सिक्युअरच्या व्हीपीएनमधील २०१९ च्या दोषाने सर्व्हरवरील फायली, आणि त्यांतील पासवर्डही, परक्याच्या हाती पडत. एकदा खरा पासवर्ड हाती आला की खातेबंदीचा काहीच इलाज चालत नाही.

याहून अधिक लक्ष देण्यासारखी बाजू, आणि तिच्याकडे आपल्या कचेऱ्यांत फारच थोडे पाहिले जाते, ती निरपराध खातेदाराची. ईमेलच्या पत्त्यांवरून लॉगिनची नावे सहज ताडता येतात. ती ताडून प्रत्येकावर मुद्दाम चुका केल्या, तर चोरी न करताही संपूर्ण कार्यालय बंद पाडता येते, आणि निविदेच्या अखेरच्या दिवशी असे घडले तर नुकसान सर्वस्वी प्रामाणिक माणसाचे होते. कित्येकदा शत्रूही लागत नाही: पासवर्ड बदललेल्या कारकुनाच्या मोबाइलमध्ये जुना पासवर्ड साठवलेला राहतो, तो ते यंत्र रात्रभर पाठवीत राहते, आणि सकाळी त्याचे खाते बंद असते. डोमेनवरील विंडोज सर्व्हर अलीकडच्या दोन जुन्या पासवर्डांची चूक मोजीत नाही, ही तजवीज याच त्रासातून आली. म्हणून अनिश्चित काळाची बंदी, जी व्यवस्थापकाने उठविल्याखेरीज उठत नाही, ती बाहेरून पोहोचता येणाऱ्या सर्व्हरवर ठेवू नये. चुकीगणिक वाढत जाणारा विलंब आणि पासवर्डाखेरीज दुसरा पुरावा, हे दोन उपाय तिच्याहून निःसंशय श्रेष्ठ होत. अमेरिकेतील निस्ट या मानक संस्थेने एका खात्यावर सलग शंभर चुकांची कमाल मर्यादा सांगितली आहे, ती याच विचाराने सैल आहे. ओपनएसएसएचने २०२४ च्या ९.८ या आवृत्तीत खात्याऐवजी चुका करणाऱ्या नेटवर्क-पत्त्यासच काही काळ नाकारण्याची सोय केली. फेल टू बॅन ही स्वतंत्र प्रणाली तेच काम नोंदवही वाचून करते. पासवर्ड अजिबात बंद करून किल्लीजोडीनेच प्रवेश देणे, आणि रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट थेट इंटरनेटवर न उघडता व्हीपीएनच्या मागे ठेवणे, हे लहान कारखान्यासही परवडणारे आहे.

भारतात परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र ठरते, आणि तोच प्रवेश अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे, नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवणे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती राखणे बंधनकारक आहे. कित्येक यंत्रांवर सुरक्षा-नोंदवहीचा आकार मुळात इतका लहान ठेवलेला असतो, की अंदाजांच्या एका रात्रीच्या माऱ्याने जुन्या नोंदी पुसल्या जातात; तो आकार वाढविणे आणि नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर रोज नेणे, हे काम खातेबंदीचा नियम लावतानाच उरकावे.