आरोपीची साक्ष आणि उलटतपासणीची मर्यादा

१८९८ चा फौजदारी पुरावा कायदा होईपर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नसे; ज्याचा जीव खटल्याच्या निकालात अडकला आहे तो खरे बोलणार नाही, असे त्यामागचे गृहीत होते. या कायद्याने त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाण्याचा हक्क दिला, परंतु साक्षीपाठोपाठ सरकारी वकिलाची उलटतपासणी, म्हणजे साक्षीतील कच्चे दुवे उघडे पाडणारी प्रतिपक्षाची प्रश्नावलीही आलीच. म्हणून तीन बंधने घालण्यात आली : आरोपीला त्याच्या स्वतःच्या मागणीखेरीज साक्षीस बोलवायचे नाही, तो गप्प राहिला तर सरकारी वकिलाने त्यावर भाष्य करायचे नाही, आणि त्याचे पूर्वीचे गुन्हे वा दुर्लौकिक उकरून काढायचा नाही. यातले शेवटचे संरक्षण मात्र सशर्त होते. आरोपीने स्वतःच्या सच्छीलतेचा पुरावा पुढे केला किंवा सरकारपक्षाच्या साक्षीदारांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, की ते गळून पडे.

बंधने पाळूनही उलटतपासणी किती घातक ठरू शकते, हे १९१२ च्या सेडन खटल्यात दिसले. फ्रेडरिक सेडन हा लंडनमधील विमा कंपनीचा अधिकारी. आपल्या घरी भाड्याने राहणाऱ्या एलायझा बॅरो या धनिक बाईची मालमत्ता वर्षासनाच्या बदल्यात आपल्या नावे करून घेऊन त्याने तिला आर्सेनिक पाजले, असा आरोप होता आणि पुरावा सारा परिस्थितिजन्य होता. सरकारपक्षातर्फे उभे राहिलेले ॲटर्नी जनरल रुफस आयझॅक्स यांनी आवाज न चढवता, ती बाई किती काळ घरी राहत होती एवढे विचारून घेतले आणि लगेच, ती तुम्हाला आवडत होती का, असा प्रश्न टाकला. सेडन अडखळला, पुढेही त्याची उत्तरे हिशेबी आणि थंड राहिली, आणि त्याला फाशीपर्यंत नेले ते त्याच्याच साक्षीने, असे पुढे अनेकांनी लिहिले. या प्रश्नाने कोणताही नियम मोडला नव्हता. तरीही त्यातून विष कोणी दिले याबद्दल काहीच कळत नव्हते. तोलला गेला तो आरोपीचा स्वभाव, आणि अशा अन्यायावर कायद्यापाशी उपाय नव्हता, असेच म्हणावे लागते.

जिथे उपाय होता तिथे तो न्यायालयांनी हळूहळू घडवला. १९२५ मध्ये बाल्डविन प्रकरणात मुख्य न्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांनी, प्रश्नाच्या रूपात साक्षीदाराला वादात ओढण्याच्या वकिली सवयीवर टीका केली. १९३५ च्या मॅक्सवेल प्रकरणात आरोपी डॉक्टरने आपल्या सच्छीलतेचा दाखला देऊन संरक्षण गमावले होते. तरीही ज्या जुन्या आरोपातून तो निर्दोष सुटला होता त्याविषयी त्याला विचारणे गैरलागू होते, असे ठरवून लॉर्ड्स सभागृहाने त्याची शिक्षा रद्द केली.

हिंदुस्थानात त्याच १८९८ साली आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने वेगळी वाट धरली. तिच्या ३४२ व्या कलमानुसार पुराव्यातील प्रतिकूल गोष्टींचा खुलासा आरोपीकडे न्यायाधीशाने मागायचा होता. त्यासाठी आरोपीला शपथ नव्हती आणि खोट्या उत्तराला शिक्षाही नव्हती. शपथेवर साक्ष देण्याचा, आणि त्याबरोबर उलटतपासणीला सामोरे जाण्याचा, पर्याय आरोपीला १९५५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्याने तो घेतला नाही तर पक्षकारांनीच नव्हे, न्यायालयानेही त्यावर टिप्पणी करायची नाही, असे बंधन घातले गेले. इंग्लंडच्या १८९८ च्या कायद्याने न्यायाधीशाला असे रोखले नव्हते, हा फरक लहान नाही. १९७३ च्या संहितेत ३४२ चे ३१३ झाले आणि वकिलांच्या तोंडी ‘तीनशे तेराचा जबाब’ रुळला. साहजिकच इथे तक्रार उलट दिशेने उद्भवली : फार विचारले अशी नव्हे, तर विचारलेच नाही अशी. पुण्यातील एका विवाहितेच्या सायनाइडने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीपुढे खुलाशासाठी न ठेवलेल्या बाबी पुराव्यातून वगळल्या आणि त्याला निर्दोष सोडले.