४ डिसेंबर १९७१ : तडकलेल्या बॉयलरवर ‘विक्रांत’ लढली

या दिवशी, भारत-पाकिस्तान युद्धात, भारतीय नौदलाच्या ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर हल्ला चढवला.

जून १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत या विमानवाहू नौकेच्या बॉयलरच्या ड्रमना भेगा आढळल्या होत्या. वेल्डिंगने भागेना, बदली ड्रम देशात मिळेनात. ब्रिटनकडून चार मागवावे लागले. ते बसण्याआधीच ‘विक्रांत’ मुंबईतून निघाली. मर्यादित वेगातही विमाने उडाली, याचे मोठे श्रेय इंजिनरूममधल्या नौसैनिकांचे. ते फारच कमी सांगितले जाते.

युद्ध सुरू असतानाच, डिसेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेने बंगालच्या उपसागरात ‘एंटरप्राइझ’ धाडली : आठ अणुभट्ट्यांवर चालणारी, जगातली पहिली अणुशक्तीवरची विमानवाहू नौका. तोवर ‘विक्रांत’च्या विमानांनी चितगाव, खुलना, मोंगला ही बंदरे झोडपली होती.